घारीच्या उंचीवर

प्रशिक्षण विमानाचा दिवस टॉर्चच्या उजेडात सुरू होतो. फटफटायच्या सुमाराला प्रशिक्षणार्थी विमानाभोवती फेरी मारतो, पंखाच्या कडेवरून हात फिरवतो, टाकीतलं थोडं इंधन काढून त्यात पाणी उतरलंय का ते बघतो. मग पुढे येऊन इंजिनाच्या झाकणाला असलेल्या दोन भोकांत टॉर्च मारतो. इंजिन थंड राहावं म्हणून ती भोकं ठेवलेली असतात. साळुंकीचा समज मात्र वेगळा असतो. तिच्या दृष्टीने ही कोरडी, आडोशाची, मांजराचा पंजा पोचणार नाही अशी ढोली असते, आणि विमान नुकतंच उतरलेलं असेल तर ऊबदारही. विमान दुपारभर उभं राहिलं तर संध्याकाळपर्यंत आत गवताचा भारा जमलेला सापडू शकतो. तो तसाच ठेवून इंजिन चालू केलं तर तापलेल्या सिलिंडरवर वाळलेली काडी, पुढचं सांगायला नको. म्हणून उभ्या विमानाच्या त्या भोकांत लाल फोमची बुचं बसवतात. पक्षी आणि विमान यांच्या भांडणातला पहिला धडा असा जमिनीवरच मिळतो. एका अर्थाने तो सोपा, कारण इथे पक्षी येऊन बसतो. वर गेल्यावर तो येऊन आदळतो.

आपल्याकडचे वैमानिक याला ‘बर्ड हिट’ म्हणतात. बातम्यांत येतात ती मोठी विमानं. न्यूयॉर्कमध्ये १५ जानेवारी २००९ ला हंसांच्या थव्यामुळे दोन्ही इंजिनं गमावून हडसन नदीत उतरलेलं विमान आणि त्यातले सुखरूप वाचलेले १५५ जण सगळ्यांना ठाऊक आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर उतरत्या विमानाने तीसहून जास्त रोहित पक्षी मारले, तेव्हा मुंबईकरांनी ते पिसांचे गुलाबी ढीग आपल्या गल्लीत पाहिले. पण मोठं विमान पक्ष्यांच्या थरातून फक्त जाता-येता जातं. नोंद झालेल्या दहा धडकांपैकी साधारण नऊ धडका जमिनीपासून तीन-साडेतीन हजार फुटांच्या आत होतात, आणि जेट विमान तेवढी उंची काही मिनिटांत मागे टाकतं. शिकाऊ विमान त्या थरात राहायलाच असतं.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातला बराच काळ ‘सर्किट’मध्ये जातो. सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीचा आयताकृती फेरा. उडायचं, जमिनीपासून हजार फुटांवर जायचं, धावपट्टीला समांतर उलट दिशेने यायचं, दोन वळणं घ्यायची, उतरायचं, चाकं टेकली की थांबायच्या आत पुन्हा उडायचं. एका फेऱ्याला पाच-सहा मिनिटं. तासाभरात आठ-दहा वेळा तोच रस्ता. हजार फूट ही घारीची उंची. वर जाताना आणि खाली येताना मध्ये लागतात ते बगळे, कबुतरं, भिंगऱ्या. धावपट्टीवर टिटव्या. म्हणजे विमान उडवायला शिकणारा माणूस, हात अजून कच्चा असताना, पक्ष्यांच्या सगळ्यात गजबजलेल्या मोहल्ल्यातून दिवसभर ये-जा करत असतो. ही व्यवस्था कुणी मुद्दाम केलेली नाही, पण याहून वाईट करायची म्हटली तर अवघड जाईल.

त्यात यंत्र नाजूक. सेस्ना १७२ हे जगभर प्रशिक्षणासाठी वापरलं जाणारं चार आसनांचं विमान. भरलेल्या अवस्थेत सव्वा टनाच्या आत, म्हणजे एखाद्या मध्यम मोटारीएवढं. त्याच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरभरही नसते. समोरची काच ही काच नसून अॅक्रिलिकचा पातळ पडदा असतो. मोठ्या प्रवासी विमानाच्या समोरच्या काचेने चार पौंडांचा, म्हणजे १.८ किलोचा पक्षी पूर्ण वेगात झेलला पाहिजे, असा अमेरिकी नियम आहे. शेपटीने तर आठ पौंडांचा. छोट्या चार आसनी विमानाच्या काचेला असा कुठलाही नियम नाही. ‘वेग कमी, त्यामुळे धोका कमी’ हा त्यामागचा हिशेब.

तो हिशेब जरा करून बघू. घार आठशे ग्रॅमची धरा. विमान १०० नॉटने, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरने चाललंय. धडकेची ऊर्जा येते साधारण १,०५० ज्यूल. दहा किलो तांदळाची पिशवी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडली तर खाली पोचताना तिच्यात एवढीच ऊर्जा असते. हेच विमान ७० नॉटने चाललं असतं तर आकडा निम्म्यावर आला असता, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून ‘पक्षी दिसले की वेग आवर’ हा सल्ला कोरडा नाही. पण निम्मी पिशवीसुद्धा पातळ अॅक्रिलिकला भारीच. अॅक्रिलिक किती फसवं, हे ४ जानेवारी २००९ च्या लुइझियानातल्या हेलिकॉप्टर अपघातात दिसलं. सव्वा किलोहूनही हलका ससाणा समोरच्या भागावर आदळला, त्या हादऱ्याने डोक्यावरचे इंजिन-नियंत्रणाचे दांडे मागे सरकले, इंजिनांची ताकद गेली. आठ जण गेले, एक वाचला. त्या हेलिकॉप्टरची मूळची थरांची काच काढून तिथे हलकं अॅक्रिलिक बसवलेलं होतं.

पुढे फिरणारा पंखा पक्ष्याला कापून काढेल, अशी एक समजूत असते. पंखा फिरताना भरीव चकतीसारखा दिसतो, त्यामुळे ती होते. मिनिटाला २,४०० फेरे म्हणजे सेकंदाला चाळीस, पाती दोन, तेव्हा एका जागेवरून सेकंदाला ऐंशी वेळा पातं जातं. १०० नॉटने चाललेलं विमान दोन पात्यांच्या मधल्या वेळात साठ-पासष्ट सेंटिमीटर पुढे सरकतं. टिटवीची लांबी त्याच्या निम्मी. ती अख्खीच्या अख्खी आत येऊ शकते.

आता महाराष्ट्रातल्या धावपट्ट्या बघा. प्रशिक्षण चालतं ते बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाजवळची बिरसी अशा ठिकाणी. चारी बाजूंना शेती, वाहतूक कमी, हवा मोकळी, म्हणून या जागा निवडल्या जातात. पक्ष्यांचीही पसंती अगदी याच कारणांसाठी असते. बारामतीच्या उसाच्या पट्ट्यात नांगराच्या मागे बगळ्यांची रांग चालते, आणि धावपट्टीकडेचं गवत कापायला ट्रॅक्टर फिरला की तीच रांग विमानतळाच्या कुंपणाच्या आत येते. तिथून भिगवणचा उजनी जलाशय फार दूर नाही. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, बदकं येतात. गोंदिया तर मालगुजारी तलावांचा मुलूख. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरलेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात. माणसाएवढा उंच, सहा-सात किलोचा, जोडीने उडणारा पक्षी. मघाचा हिशेब त्याला लावला तर उत्तर आठपट येतं. सारस दिसला म्हणून गाडी थांबवून फोटो काढणारा पर्यटक आणि त्याच आकाशात सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा, दोघांच्या छातीत धडधडतं, पण कारणं वेगळी.

पक्ष्यांना घड्याळ असतं, आणि मुरलेले प्रशिक्षक ते पाठ ठेवतात. पहाटे हवा शांत, शिकायला उत्तम, पण तेव्हाच बगळे आणि कावळे रातथाऱ्यावरून शेताकडे निघतात, ठरलेल्या वाटेने, शंभर-दोनशे फुटांवरून. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊला जमीन तापली की गरम हवेचे स्तंभ उठतात आणि घारी पंख न हलवता त्यांत गोल गोल चढतात. विमानाला हिसके बसायला लागले की वैमानिक समजतो की आपण अशा स्तंभात शिरलो, आणि त्याच स्तंभात डोक्यावर घार असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे बाहेर पडतात आणि कोतवालापासून घारीपर्यंत सगळ्यांची धावपट्टीवर पंगत बसते. संध्याकाळी डांबर ऊब धरून असतं, तिथे रातवा येऊन बसतो. रात्रीच्या उड्डाणाचा सराव सुरू होतो त्याच वेळेला वटवाघळं झाड सोडतात. मोठं फलाहारी वटवाघूळ घारीपेक्षा जड भरू शकतं. ते पक्षी नाही हे खरं, पण काचेला तो फरक कळत नाही.

टिटवीबद्दल मात्र मला राग कमी आणि कौतुक जास्त आहे. आकाश पडलं तर तोलून धरीन म्हणून ती पाय वर करून झोपते, असं आपल्याकडे म्हणतात. धावपट्टीच्या कडेच्या खडीत, उघड्यावर अंडी घालणाऱ्या या पाखराला रोज शंभरदा आकाश अंगावर येताना दिसतं आणि ती दरवेळी शेवटच्या क्षणापर्यंत जागा सोडत नाही.

शेवटच्या क्षणापर्यंत का थांबते? पक्ष्याला डोळे उत्तम, पंख उत्तम, मग तो बाजूला का होत नाही? अमेरिकी संशोधकांनी २०१५ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काउबर्ड नावाच्या पक्ष्यांना त्यांनी अंगावर येणाऱ्या ट्रकचं चित्रीकरण वेगवेगळ्या वेगाने दाखवलं. वाढत्या वेगाबरोबर पक्षी लवकर उडायला हवे होते. तसं झालं नाही. ट्रक हळू असो की जोरात, पक्षी हलला तो साधारण तीसेक मीटरवर आल्यावर. म्हणजे तो अंतर मोजतो, वेळ मोजत नाही. कोल्हा, मांजर, बहिरी ससाणा सोडला तर बहुतेक शिकारी पक्षी, यांच्यासाठी ही पद्धत लाखो वर्षं पुरली. ताशी १२० किलोमीटरच्या पलीकडे ती मोडायला लागते. सेस्ना १७२ उतरताना ६५ नॉट ठेवते. त्याचे किलोमीटर करून बघा, बरोबर १२० येतात. तीस मीटर पार करायला तिला एका सेकंदाहून कमी वेळ लागतो.

म्हणजे पक्षी वाट देईल यावर विसंबता येत नाही. मग माणसाने काय करायचं?

एप्रिलमधली सकाळ धरा, साडेनऊची वेळ. विमान ‘फायनल’वर, धावपट्टीच्या सरळ रेषेत, तीनशे फुटांवर. डावीकडे प्रशिक्षणार्थी, उजवीकडे प्रशिक्षक. समोर काचेवर एक काळा ठिपका. हलणारा ठिपका काळजीचा नसतो. जो ठिपका काचेवर एकाच जागी राहून नुसता मोठा होतो, तो आपल्यावर येणारा. दीडशे मीटरवर घार ओळखू आली तर हाताशी साडेचार सेकंद. ओळखण्यात, ठरवण्यात, हात हलवण्यात निम्मी जातात. मुलगा घाबरून विमान झटक्यात डावीकडे वळवतो, आणि गोष्ट इथे बिघडते. हे विमान सरळ उडताना पन्नासेक नॉटच्या खाली हवेत टिकत नाही, म्हणजे स्टॉल होतं. साठ अंशांत कलवून उंची राखायला गेलं तर ती मर्यादा १.४ पटीने वाढून सत्तरवर जाते. विमानाचा वेग आहे पासष्ट. घार वाचली, विमान नाही. तीनशे फुटांवरून सावरायला जागाच नसते.

म्हणून चांगला प्रशिक्षक ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून हात घालतो तेव्हा पक्षी चुकवण्यापेक्षा मुलाचा झटका थांबवणं हे त्याचं पहिलं काम असतं. घाबरलेले बहुतेक पक्षी पंख मिटून खाली सूर मारतात, तेव्हा वेग हाताशी असेल तर हलकेच वर जावं, खाली जाऊ नये, असं शिकवतात. वेग नसेल तर आदळू द्यावं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पंखाच्या कडेला पडलेला पोचा घेऊन उतरलेली विमानं असंख्य आहेत. धडक टाळण्याच्या नादात स्टॉल झालेल्या विमानाला उतरणं उरत नाही.

काच फुटली तर प्रसंग वेगळा. शंभर नॉटचा वारा सरळ तोंडावर, पिसं, रक्त, अॅक्रिलिकचे तुकडे, हेडफोन उडालेला, टॉवरचं ऐकू येत नाही. तेव्हाही क्रम ठरलेला आहे: आधी विमान उडव, मग कुठे जायचं ते बघ, बोलायचं ते शेवटी. वेग कमी केला की वाराही कमी होतो. डोकं जरा खाली घेतलं की समोरच्या पॅनेलचा आडोसा मिळतो. खिडकीवर बसलेलं मांजर एकदम अंगावर पडल्यावर हातातला चहाचा कप न सांडणारे लोक असतात. वैमानिक त्यांच्यातून निवडावेत असं कधीकधी वाटतं.

पक्ष्याने बळी घेतलेला पहिला वैमानिक नवखा नव्हता. विमानाने अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारा पहिला माणूस, कॅल रॉजर्स, ३ एप्रिल १९१२ ला कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचजवळ समुद्रात कोसळला. त्याच्या राइट विमानाच्या नियंत्रणात एक कुरव पक्षी अडकला, असं मानलं जातं. त्याच्या साडेसहा वर्षं आधी, ७ सप्टेंबर १९०५ ला, ऑर्व्हिल राइटने मक्याच्या शेतावर पाखरांच्या थव्याचा पाठलाग केल्याची नोंद आहे. एक पाखरू मरून पंखावर पडलं, पुढच्या तीव्र वळणात घसरून खाली गेलं. विमानांचा आणि पक्ष्यांचा संघर्ष नोंदवहीत सुरू झाला तो असा, माणसाने खेळ म्हणून केलेल्या पाठलागाने.

३१ ऑक्टोबर १९६४ ला ह्यूस्टनजवळ टी-३८ या प्रशिक्षण जेटमधून परतणाऱ्या थिओडोर फ्रीमन या अंतराळवीराच्या विमानावर बर्फाळ प्रदेशातून दक्षिणेला निघालेला एक हंस आदळला. फुटलेल्या छताचे तुकडे इंजिनांत गेले, ती बंद पडली. फ्रीमनने उडी मारली, पण उंची उरली नव्हती. नासाच्या अंतराळवीरांतला तो पहिला मृत्यू.

पण शिकाऊ उड्डाणांच्या संदर्भात मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो २३ ऑक्टोबर २००७ च्या रात्रीचा अपघात. नॉर्थ डकोटा विद्यापीठाचं दोन इंजिनांचं पायपर सेमिनोल, आत एक प्रशिक्षक आणि एक विद्यार्थी, रात्रीचा लांब पल्ल्याचा सराव. मिनेसोटातल्या ब्राउअरव्हिलजवळ ते कोसळलं आणि दोघंही गेले. अवशेषांत कॅनडा गूज या हंसाचे अंश सापडले. धडक बसली होती शेपटीच्या आडव्या पृष्ठभागाला, डाव्या बाजूला. वैमानिकाला न दिसणारी ती जागा. नाक वर-खाली करणारा तोच भाग वाकला, आणि विमान ताब्यात राहिलं नाही. ऑक्टोबर हा त्या हंसांच्या स्थलांतराचा महिना, आणि ते रात्रीही उडतात.

म्हणून मोठा आवाज झाला, काहीतरी लागलं, पण विमान सरळ चाललंय, अशा वेळी लगेच फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, खाली सोडून उतरायची घाई करू नये, असं शिकवतात. शक्य असेल तर उंची राखायची आणि वरच एकेक पायरी वेग कमी करत बघायचं की कुठल्या आकड्याला विमान थरथरतं किंवा एका बाजूला ओढ घेतं. त्याच्यापेक्षा चांगला जास्त वेग ठेवून मगच धावपट्टीकडे यायचं. वेगदर्शकावरही आंधळा विश्वास नको. तो ज्या बोटभर नळीतून हवा घेतो, तिच्यात पिसांचा लगदा बसला तर काटा काहीही सांगतो.

जमिनीवरचे उपाय कागदावर तरी जुने आहेत. १९३७ च्या विमान नियमांतल्या ९१ व्या कलमाने विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावरं कापणं, सोलणं, पक्षी येतील असा कचरा टाकणं मना केलं आहे. तालुक्याच्या गावात दहा किलोमीटरच्या वर्तुळात अख्खं गाव, त्याचा बाजार आणि नगरपालिकेचा कचरा डेपो सगळंच येतं, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक असेलच. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालिम अलींच्या देखरेखीखाली भारतीय धावपट्ट्यांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला. तेव्हा घारीच्या बरोबरीने मोठी धास्ती होती गिधाडांची. पुढे गुरांच्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडं जवळपास संपली. आकाशातला एक धोका कमी झाला, पण पडलेली जनावरं खायला कुत्री वाढली आणि ती धावपट्टीवर आली. मोठ्या विमानतळांवर फटाके, भोंगे, पक्षी हाकणारी माणसं असतात. लहान धावपट्टीवर बहुतेकदा एक जीप आणि तिचा हॉर्न. गवताची उंची हाही वादाचा विषय: कमी ठेवलं तर टिटव्या, वाढू दिलं तर उंदीर, आणि उंदरांमागे शिक्रे.

धडक होऊन विमान सुखरूप उतरलं की एक काम उरतं, आणि ते नेहमी घाईत केलं जातं. अहवालाच्या फॉर्मवर ‘पक्षी कोणता’ असा रकाना असतो. तिथे पुष्कळदा ‘लहान, तपकिरी’ किंवा ‘माहीत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. पण कुठला पक्षी हे कळल्याशिवाय तो तिथे का येतो हे कळत नाही. ४ ऑक्टोबर १९६० ला बॉस्टनमध्ये उडतानाच एक इलेक्ट्रा विमान कोसळून ६२ जण गेले, तेव्हा इंजिनांत सापडलेली पिसं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबोर्न यांच्याकडे आली. त्यांनी ती धुतली, वाळवली, पिसाच्या बुडाशी असलेले मऊ तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहिले. निघाली स्टार्लिंग, आपल्या साळुंकीची चुलत बहीण. विमानाला चिकटलेल्या त्या रक्त-मांस-पिसांच्या चिखलाला तिथे ‘स्नार्ज’ असं खास नावच पडलं. आज नुसत्या डागावरून डीएनएने पक्षी ओळखता येतो.

त्यासाठी लागतो अल्कोहोलने भिजवलेल्या टिश्यूचा तुकडा आणि एक प्लास्टिकची पिशवी. पंखाच्या कडेवर वाळत चाललेला डाग टिपून घ्यायचा, तारीख, वेळ आणि उंची लिहायची. पाणी मारून विमान पुसायला माणूस बादली घेऊन पोचायच्या आत.